लोहितची दुसरी घडण

लोहित हा भारतीय लिप्यांसाठीचा मुक्त फॉन्टसमूह आहे. त्याची मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने घडवली. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ती घेऊन २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. २०१३ पासून या समूहातल्या देवनागरी फॉन्टचे आतले नियम मुळापासून पुन्हा लिहिण्यात आले आणि तेही काम मुख्यतः रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून झाले. संस्कृतात लोहित म्हणजे तांबडा, तेव्हा तांबड्या टोपीच्या कंपनीला हे नाव शोभून दिसते. नव्या घडणीला ‘लोहित २’ म्हटले गेले. पडद्यावर मजकूर वाचणाऱ्याला जुन्या आणि नव्या लोहितमधला फरक सहज कळणार नाही, कारण क, म, ळ यांची वळणे जवळपास तीच राहिली. बदलले ते अक्षर अक्षराला कसे जोडायचे याचे नियम. मराठी मजकूर संगणकावर नीट दिसतो तो या नियमांमुळे, आणि त्यांचा इतिहास बऱ्याच अंशी पुण्यात घडला आहे.

खिळे जुळवण्याच्या काळात हे नियम जुळाऱ्याच्या हातात आणि डोळ्यांत असत. रोमन लिपीला शंभराच्या आसपास खिळ्यांत भागवता येते. देवनागरीत जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार यांच्यामुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढते. एक पद्धत होती अखंड टाइपाची. तीत उकार किंवा मात्रा लागलेले पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर कोरलेले असे. दुसरी होती डिग्री टाइपाची. तीत मधले अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार असे तीन थर वेगळे जुळवावे लागत. मुंबईत निर्णयसागर छापखान्याने अखंड टाइपाला जे देखणे रूप दिले, त्यावर मराठी वाचकांच्या काही पिढ्यांची नजर घडली. पुण्यात १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’लाही खिळ्यांच्या या पसाऱ्याशी झगडावे लागले, आणि लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करणारा देवनागरी संच आखण्यात बरेच श्रम घातले. राजकारणाच्या धामधुमीत एका संपादकाने रफार आणि वेलांटीसाठी वेळ काढावा, यावरून या अडचणीचे वजन कळते.

संगणक आल्यावर जुळाऱ्याला जे ठाऊक होते ते यंत्राला शिकवावे लागले. ‘मार्मिक’ हा शब्द घेऊ. बोलताना आणि लिहिण्याच्या क्रमात तो म, काना, र, पाय मोडण्याची खूण (हलन्त), म, वेलांटी, क असा येतो. कागदावर मात्र वेलांटी दुसऱ्या म च्या आधी बसते आणि र चा रफार होऊन त्याच म च्या डोक्यावर जातो. म्हणजे एका अक्षराच्या पोटात दोन खुणा आपली जागा सोडून हलतात. यंत्राने साठवताना बोलण्याचा क्रम ठेवायचा की दिसण्याचा, हा प्रश्न देवनागरी संगणनाच्या मुळाशी आहे.

त्याचे पहिले पक्के उत्तर आयआयटी कानपूरमध्ये मिळाले. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून देवनागरी संगणकावर काम चालू होते. त्यातून जिस्ट हे तंत्रज्ञान उभे राहिले आणि मोहन तांबे यांनी ते पुढे नेले. १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात त्याचे बस्तान बसले आणि जिस्ट तिथे आले. सी-डॅक म्हटले की लोकांना आठवतो तो १९९१ चा ‘परम ८०००’ महासंगणक. पण घराघरांत, कचेऱ्यांत आणि छापखान्यांत पोहोचले ते जिस्ट. साध्या पीसीत एक कार्ड खोचले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालीतही देवनागरी उमटू लागे, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

जिस्टच्या मुळाशी दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा निर्णय होता. अक्षर ‘काय आहे’ हे एका संकेताने सांगायचे आणि ते ‘कसे दिसते’ हे दुसऱ्या यंत्रणेवर सोपवायचे. पहिल्या कामासाठी इस्की हा राष्ट्रीय संकेत आला. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून तो प्रमाणित केला. त्यात २५६ पैकी खालचे १२८ संकेत इंग्रजीला ठेवले आणि वरच्या भागात भारतीय वर्ण बसवले. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना तोच संकेत लागू होता, कारण वर्णमाला सगळीकडे जवळजवळ सारखी आहे. क चा संकेत १७९, मग तो मराठीचा असो, बंगालीचा असो वा तमिळचा. इन्स्क्रिप्ट कळफलकही याच विचाराने आखला गेला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि टंकन उच्चाराच्या क्रमाने.

दिसण्याची बाजू सांभाळायला सी-डॅकने इस्फॉक हा अक्षररूपांचा संकेत केला. त्यात अर्धा क, रफार, आखूड वेलांटी, लांब वेलांटी अशा प्रत्येक तुकड्याला क्रमांक होता. योजना अशी की मजकूर इस्कीत साठवायचा आणि पडद्यावर किंवा कागदावर आणताना त्याचे इस्फॉकमध्ये रूपांतर करायचे. योजना उत्तम होती, पण बाजारात तिचे निम्मेच अंग रुजले. विंडोज आणि पेजमेकर यांनी डीटीपीचा धंदा व्यापला तेव्हा या कार्यक्रमांना इस्की कळत नव्हते, त्यांना फक्त फॉन्ट कळे. म्हणून अक्षररूपांचे क्रमांकच मजकूर म्हणून फाइलमध्ये जाऊ लागले. सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, मॉड्युलरची श्रीलिपी, शिवाजी असे संच रुळले. प्रत्येक कंपनीची क्रमवारी वेगळी होती. एकाच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक खुणांची रांग दिसे. वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, त्यामुळे अकारविल्हे सूची लागत नसे आणि शब्द शोधता येत नसे. नव्वदच्या दशकात पुण्याच्या पेठांमधून जुळणी झालेली पुस्तके कागदावर सुबक आहेत. त्यांच्या फाइली आज उघडायच्या तर आधी तो जुना फॉन्ट शोधावा लागतो आणि मग रूपांतरक चालवून चुका हाताने काढाव्या लागतात. एका पिढीच्या मराठी मजकुराचे हे नुकसान अजून पुरते भरून निघालेले नाही.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरीचा आराखडा इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला, म्हणून युनिकोडमधली वर्णांची रांग इस्कीशी बरीचशी जुळते. अक्षर काय आहे आणि कसे दिसते यांची फारकतही त्यात कायम राहिली. मात्र दिसण्याची जबाबदारी आता दोघांत वाटली गेली. एकीकडे संगणकातला अक्षररचना करणारा कार्यक्रम आणि दुसरीकडे ओपनटाइप फॉन्ट. कार्यक्रम मजकुराचे अक्षरखंड पाडतो, त्यांतले मुख्य व्यंजन ठरवतो, वेलांटी पुढे आणतो आणि रफार योग्य जागी नेतो. मग तो फॉन्टला विचारतो की क, हलन्त आणि ष एकत्र आले तर तुझ्याकडे काय आहे. फॉन्टमधला नियम सांगतो, क्ष. अखंड जोडाक्षरे, रफार, अर्धी रूपे, व्यंजनाखाली लागणारा र, मात्रांची जागा अशा नियमांचे ठरलेले गट असतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच लागू होतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये ही व्यवस्था देवनागरीसाठी आली आणि तिच्याबरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट.

लिनक्सकडे तेव्हा देवनागरीचा पुरेसा भरवशाचा मुक्त फॉन्ट नव्हता. २००४ मध्ये लोहितने ती उणीव भरली. सुरुवातीला बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि तमिळ असे संच होते, पुढे इतर लिप्यांची भर पडली. रेड हॅटचे भारतीय भाषांचे काम पुण्यात एकवटत गेले. प्रणालीतल्या सूचनांचे मराठी भाषांतर, कळफलक, शब्दकोश आणि फॉन्ट ही कामे एकाच छताखाली आली. फेडोरा या मुक्त प्रणालीतून लोहित जगभर गेला. २०११ मध्ये विकिमीडियाने भारतीय भाषांतल्या संकेतस्थळांसाठी वेबफॉन्टची सोय केली, तेव्हा त्यातही लोहित होता, त्यामुळे ज्याच्या यंत्रावर देवनागरी फॉन्टच नाही त्यालाही मराठी विकिपीडिया वाचता येऊ लागला. त्याच वर्षी लोहितचा परवाना बदलला. मूळचा जीपीएल हा संगणक-कार्यक्रमांसाठी लिहिलेला परवाना होता आणि फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात बसवला की त्याच्या अटी कुठवर लागतात हा प्रश्न उभा राहत असे. त्याच्या जागी खास फॉन्टसाठी केलेला, एसआयएल या संस्थेचा ओपन फॉन्ट परवाना आला.

या काळात फॉन्टच्या पोटात गुंता वाढत होता. लिनक्सवर अक्षररचना करणारा एकच कार्यक्रम नव्हता. ग्नोम या डेस्कटॉपकडे पँगो, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे क्यूटी, ऑफिसच्या कार्यक्रमाकडे आयसीयू, आणि प्रत्येकात भारतीय लिप्यांचा वेगळा कोड. एकच फॉन्ट, एकच शब्द, आणि तीन ठिकाणी तीन रूपे. एका कार्यक्रमातली चूक झाकायला फॉन्टमध्ये एखादा जादा नियम घातला की तो दुसऱ्यात नडे. अशी ठिगळे वर्षानुवर्षे साचत गेली.

त्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या काळात देवनागरीचा नियमसंच बदलला. जुन्या पद्धतीला ‘देवा’ आणि नव्या पद्धतीला ‘देव२’ अशी खूण मिळाली. फरक वरवर किरकोळ वाटतो, पण खोलवर जातो. ‘प्र’ मधला खाली लागणारा र घेऊ. साठवताना तो प, हलन्त, र असा असतो. जुन्या पद्धतीत रचना करणारा कार्यक्रम हलन्ताची जागा बदलून फॉन्टपुढे ‘र, हलन्त’ अशी जोडी ठेवी, नव्या पद्धतीत मूळ क्रमानेच ‘हलन्त, र’ अशी जोडी येते. जुन्या क्रमासाठी लिहिलेला नियम नव्या क्रमापुढे गप्प बसतो, आणि ‘प्र’ ऐवजी पाय मोडलेला प आणि शेजारी सुटा र दिसतो.

मुक्त जगात याच सुमारास हार्फबझ हा अक्षररचनेचा कार्यक्रम नव्याने लिहिला गेला. बेहदाद एस्फहबोद या इराणी-कॅनेडियन संगणकतज्ज्ञाने त्याची धुरा वाहिली. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. जुना हार्फबझ निरनिराळ्या प्रकल्पांच्या कोडमधून गोळा झाला होता, नवा मुळापासून एकसंध लिहिला, आणि त्यातला भारतीय लिप्यांचा भाग २०११-१२ च्या सुमारास आकाराला आला. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचाने लिनक्सवर २०१३ मध्ये तो घेतला, २०१७ मध्ये सर्वच प्रणालींवर. रचना करणारा कार्यक्रम एकच झाला म्हटल्यावर फॉन्टमधली ठिगळे बाळगण्याचे कारण उरले नाही, आणि लोहित २ ला वाट मोकळी झाली.

       

लोहित २ मध्ये पहिले काम नावांचे होते. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षररूपाला आत एक नाव असते. जुन्या फॉन्टांत ती घडवणाऱ्याच्या सोयीने पडलेली होती. नव्या घडणीत ॲडोबीच्या नामसूचीची पद्धत पाळली. क चा युनिकोड क्रमांक ०९१५, म्हणून त्याचे नाव ‘युनि०९१५’. जोडाक्षराचे नाव त्याच्या घटकांच्या नावांतून बनते. ही निव्वळ शिस्त नव्हती. पीडीएफमध्ये मजकुराबरोबर कित्येकदा अक्षररूपेच जातात, आणि त्यावरून मूळ वर्ण परत मिळवताना वाचणाऱ्या कार्यक्रमाला ही नावे उपयोगी पडतात. मराठी पीडीएफमधून उतारा उचलला की वेलांट्या भलतीकडे गेलेल्या आणि जोडाक्षरे गळालेली, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना या नावांचे मोल सांगायला नको.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे. जुन्या लोहितमध्ये अक्षरांची रेखाटने आणि जोडणीचे नियम एकाच फाइलीत मिसळलेले होते. ती फाइल फॉन्टफोर्ज या मुक्त फॉन्ट-संपादकाची होती, आणि नियम पाहायचे तर खिडकीमागून खिडकी उघडत जावे लागे. लोहित २ मध्ये नियम वेगळ्या, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिले. ही फाइल कुठल्याही संपादकात उघडता येते, वाचता येते, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय बदलले ते ओळीओळीने पाहता येते. कोणता नियम कशासाठी आहे याची टीप त्याच्या शेजारीच लिहिता येते. मुख्य म्हणजे दुसरा कोणी देवनागरी फॉन्ट घडवत असेल आणि नावे त्याच पद्धतीने ठेवत असेल, तर तो हे नियम उचलून आपल्या रेखाटनांना लावू शकतो. देवनागरीच्या जोडणीचे ज्ञान आधी जुळाऱ्याच्या बोटांत होते, मग कंपन्यांच्या बंद पेट्यांत गेले. लोहित २ मध्ये ते सर्वांना वाचता येईल अशा उघड्या पानावर आले. पुण्यात झालेल्या या कामातली ही बाब खरोखर अभिमानाची आहे, आणि तिची नोंद फार थोड्या ठिकाणी आढळते.

त्यानंतर छाटणी झाली. कुठल्याही नियमातून न येणारी अक्षररूपे, एकाच कामासाठी दोनदा लिहिलेले नियम, विशिष्ट कार्यक्रमातल्या चुकीवर घातलेली ठिगळे काढली गेली. हार्फबझ आणि मायक्रोसॉफ्टची रचनाव्यवस्था या दोन्हींवर फॉन्ट तपासला गेला. तपासणीसाठी शब्दांची आणि जोडाक्षरांची यादी केली होती. फॉन्टमध्ये काही बदलले की ती यादी हार्फबझमधून काढायची आणि आलेली उत्तरे आधी तपासून ठेवलेल्या उत्तरांशी पडताळायची. एका जोडाक्षराची दुरुस्ती करताना दुसरे मोडले तर ते लगेच उघड होई.

मराठीसाठी यात काही खास जागा होत्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिल्यात र चा रफार होतो, दुसऱ्यात तो चंद्रकोरीसारख्या अर्ध्या रूपात य ला जोडला जातो. हिंदीला हे दुसरे रूप लागत नाही, मराठीचे त्याच्याविना पान हलत नाही. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे टंकता येते, एक ऱ या वेगळ्या वर्णाला हलन्त लावून आणि दुसरे साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारी जोडखूण देऊन. लोक दोन्ही वापरतात, म्हणून फॉन्टला दोन्ही कळावे लागतात. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी तो अ वर चंद्र ठेवून लिहिला जाई आणि तसा जुना मजकूर आजही भरपूर आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देवनागरीची वर्णमाला आणि अक्षररूपे प्रमाणित केली, आणि ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले.

आणखी एक जागा ल आणि श यांची. मराठी हाताला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचे वळण आहे, हिंदी छपाईत ही अक्षरे निराळी दिसतात. एके काळी लोहितमध्ये हिंदी, मराठी, नेपाळी, कोंकणी वगैरे भाषांचे संच वेगळे होते. पुढे ते एका ‘लोहित देवनागरी’त एकत्र केले गेले. अशा समाईक फॉन्टमध्ये भाषेप्रमाणे रूप बदलण्यासाठी ओपनटाइपचा एक नियमगट असतो. मजकूर मराठी आहे असे कार्यक्रमाने फॉन्टला सांगितले, तर मराठी ल आणि श पुढे येतात. अडचण सांगण्यातच आहे. कित्येक कार्यक्रम मजकुराची भाषा फॉन्टपर्यंत पोहोचवत नाहीत, आणि मराठी वाचकापुढे हिंदी वळणाचा ल उभा राहतो. पुढे फेडोरात लोहित मराठी आणि लोहित नेपाळी हे वेगळे फॉन्ट पुन्हा दिसतात. त्यांचा क्रमांक २.९४, म्हणजे ते नव्या घडणीतूनच निघालेले. भाषा सांगण्याची गरज न ठेवता मराठी रूपे देणारा फॉन्ट त्यामुळे मिळतो.

देवनागरीमागोमाग गुजराती, बंगाली, असमिया, गुरुमुखी, तमिळ आणि ओडिया संचांनाही हीच पद्धत लागू झाली. क्रमांकांवरून हे ओळखता येते. पुन्हा लिहिलेले संच २.९१ आणि त्यापुढच्या मालिकेत आहेत, कन्नड आणि तेलुगू २.५ च्या मालिकेतच राहिले. पुढे फेडोराने भारतीय लिप्यांसाठी पूर्वनिर्धारित फॉन्ट म्हणून गुगलचा नोटो घेतला. त्यात जगातल्या बहुतेक लिप्या एका वळणात आखलेल्या आहेत आणि त्याची रेखाटने लोहितहून नवी आहेत. लोहितचे संच मात्र मुक्त भांडारांत कायम आहेत आणि त्यांच्या नियमांची फाइल फॉन्टच्या स्रोताबरोबर कोणालाही उतरवून घेता येते.